कोल्हापुरात गरम, बर्फावर गार: थंडीच्या कपड्यांत मी १४,८०० ला कसा फसलो

पुतण्या मिनेसोटाला असतोय, गेल्या जानेवारीत त्याच्याकडं जायचं ठरलं. त्यानं फोनवर सांगितलेलं की काका तुम्हाला गळ टाकायला नेतो, तळं पूर्ण गोठलेलं असतंय, बर्फाला भोक पाडायचं आणि आत गळ सोडून बसायचं. आता मी म्हणजे पोरवयापासून पंचगंगेवर आणि कळंब्याला गांडूळ लावून बसणारा माणूस, मला आणि काय पायजे. फक्त एकच म्हणाला, काका उणे वीस असतंय, कपडे इथं आल्यावर घेऊया. इथंच मी शहाणपणा केला. म्हटलं तिकडं डॉलरमध्ये कशाला, इथंच घेतो.

डिसेंबरात आपल्याकडं मंगल कार्यालयांत स्वेटर-जॅकेटचे सेल लागतात बघा, तशाच एकात गेलो. "एक्स्पोर्ट सरप्लस" अशी पाटी. पोरगा बोलायला एक नंबर, मी अमेरिकेला चाललोय म्हटल्यावर त्यानं पुढचा माल बाजूला सारला आणि आतनं खोकी काढली. हीटिंगचं जॅकेट, आत बदकाची पिसं, ७,५०० ला. मेरिनो लोकरीचे थर्मल दोन जोड ३,६०० ला. जॅकेट चालवायला २०,००० एमएएचची पॉवर बँक २,२०० ला. आणि हातात धरायच्या गरम पुड्या, दहा जोड्या, १,५०० ला. सगळं मिळून १४,८००, यूपीआय केलं. नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं, बिल म्हणून साध्या कागदावर आकडे आणि खाली शिक्का, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हे दोन्ही मी बघितलं आणि सोडून दिलं, खोटं कशाला बोलू.

बरं मी काही डोळे झाकून घेतलं नाही. जॅकेट घालून बटण दाबलं, पाच मिनिटांत पाठ तापली, कपाळावर घाम आला. पोरगा म्हणाला, "बघा काका, इथं घाम निघतोय, तिथं काय थंडी लागणार." पटलं की मला! आता वाटतंय, अरे कोल्हापुरात दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या हॉलात नुसतं पोतं पांघरलं तरी घाम येईल. सगळी गोम इथंच आहे. हा माल इथं तपासताच येत नाही, जिथं तपासला जातो तिथनं माणूस दोन महिन्यांनी परत येतो, आणि तोवर सेल उठलेला असतोय.

घरी पॉवर बँक लावली तर तासाभरात फुल्ल. मी बायकोला कौतुकानं सांगतोय, बघ काय फास्ट चार्जिंग आहे. तीच खरी धोक्याची घंटा होती. २०,००० ची खरी बँक साध्या चार्जरवर आठ-दहा तास घेते. पण हातात वजन चांगलं लागत होतं, त्यामुळं शंका आली नाही. मुंबईला विमानतळावर बॅग तपासणाऱ्यानं ती बँक दोनदा मशीनमधनं फिरवली आणि माझ्याकडं बघून सोडून दिली, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला पायजे होता. (पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका, ती जवळच्याच बॅगेत न्यावी लागते.)

तळ्यावर सकाळी सातला पोचलो, उणे बावीस. तिथं नियम असा सांगतात की चालायला निदान ४ इंच चांगला, स्वच्छ बर्फ पायजे, आम्ही होतो तिथं हातभर होता. मला हौस, म्हटलं भोक मीच पाडणार. त्यांचं मोठं गिरमिट असतंय, ते फिरवून तीन भोकं पाडली आणि अंगातनं घाम फुटला. मग उलट्या बादलीवर बसलो गळ सोडून. भोकावर सारखी पापडी धरते, ती काढायला पुतण्यानं एक झारा दिला, हुबेहूब आपला भजी तळायचा झारा, फक्त दांडा लांब. पंधरा मिनिटं लई मजा आली.

मग पाठीत गार पट्टा लागल्यासारखं झालं. थर्मल घामानं भिजलेलं, आणि ते वाळायचं नावच घेईना. तोवर जॅकेटचा लाल दिवा विझला. वीस-पंचवीस मिनिटं चाललं असेल सगळं मिळून. गरम पुड्या फोडल्या तर आत विटेचा तुकडा लागावा तसा कडक गोळा, चोळून चोळून बोटं दुखली पण ऊब काही नाही. त्यात बारीक लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजते आणि गंजताना तापते. आधीच आतल्या आत हवा लागून गेलेली पुडी अशी दगड होते. वेष्टणावरची तारीख नखानं खरवडली तर स्टिकर निघाला, खाली जुनी तारीख. डाव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली आणि त्यात काहीच कळेना, तेव्हा पुतण्या घाबरला. मी बोटं चोळायला लागलो तर ओरडला, "काका चोळू नका!" हात त्याच्या जॅकेटच्या आत काखेत धरायला लावला आणि तसाच गाडीत नेला. थोडक्यात निभावलं, पण त्या बोटांना अजून गार पाणी सोसत नाही. मासा त्यानंच धरला, दोन पिवळे पर्च. मी गाडीच्या काचेतनं बघत होतो.

रात्री त्यानं पॉवर बँक उघडली. आत करंगळीपेक्षा थोडा जाड असा एकच सेल आणि बाजूला चिकटपट्टीनं बसवलेली लोखंडी पट्टी! वजनासाठी. त्यानं हिशोब करून दाखवला, खरी २०,००० ची असती तर ते जॅकेट सहा-सात तास चाललं असतं, थंडीत बॅटरी कमी चालते हे धरून चार-पाच तास तरी. हा सेल जेमतेम २,००० चा. जॅकेटात पिसं कसली, साधा पॉलिस्टरचा कापूस, चिमटीत धरून चोळलं तर पिसाची एक काडी हाताला लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचेच जुने कपडे घातले, आत लोकर, पायात एक नंबर मोठे बूट, आणि पायाखाली फोमचा तुकडा, आणि चार तास बसलो आरामात.

फेब्रुवारीअखेर परत आल्यावर थर्मलचं खरंखोटं करायचंच होतं. घरात धनगरी घोंगडी आहे, तिचा एक धागा काढला आणि एक थर्मलचा, दोन्ही चिमट्यात धरून गॅसवर नेले. घोंगडीचा धागा आक्रसला, केस जळाल्यासारखा वास आला, ज्योतीबाहेर काढला तसा विझला, आणि राख बोटानं चुरली. थर्मलचा धागा कागदासारखा भडकला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. म्हणजे कॉटन-पॉलिस्टर मिक्स, मेंढराचा संबंध नाही. कोल्हापूरच्या थंडीला ते ठीकच आहे हो, पण कॉटन घाम धरून ठेवतंय, आणि पैसे तर मी लोकरीचे मोजले. बायको मागनं म्हणाली, "मी तेव्हाच म्हणलो होतो, एवढं स्वस्त मेरिनो कुठं असतंय का."

सेलवाल्या पोराच्या नंबरवर फोन केला. एकदाच उचलला. म्हणतोय, "काका, माल अमेरिकेत नेला तर गॅरंटी राहत नाही." पुढं ब्लॉक. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पण त्यांनी विचारलं विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, आणि माझ्याकडं तो कागद. तिथं कळलं की बिल न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत न घेणं पण, शिक्का कसलाही असू दे. माझे ३० दिवस बर्फावरच संपले होते. तर जाणार असाल त्यांनी खरेदीच्याच आठवड्यात गॅसवर धागा धरा, पॉवर बँक किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा, एक पुडी फोडून बघा. जॅकेट घालून बघायचं असेल तर आईसफॅक्टरीत कुणी ओळखीचं असेल तर तिथं जाऊन बसा, हसू नका, मी आता तेच करणार आहे.

यंदा परवा त्याच कार्यालयाबाहेर परत फलक दिसला. नाव वेगळं, पोरगं वेगळं, पण पुतळ्याच्या अंगावर तेच जॅकेट. आत गेलो, खिशात लायटर होता. पोरगं म्हणालं, "घालून बघा काका, लगेच गरम होतंय."

म्हटलं, होतंय बाबा, ते होतंयच. आधी बिलबुक दाखव.