जुनं रिव्हॉल्वर संग्रहात घेताना: कोल्ट पायथन, स्मिथ अँड वेसन, वेब्ली आणि ‘९५ टक्के फिनिश’

संग्राहकांसाठीच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात: ‘९५ टक्के फिनिश’ (पोलादावरचा निळा किंवा निकेलचा थर) आणि ‘लॉकअप एकदम टाइट’ (सिलिंडर जागेवर घट्ट बसणं). पहिली फोटोवरून ठरवलेली असते, दुसरी घोडा (हॅमर) एकदा मागे ओढून. दोन्हींवर विसंबू नये. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी पोलादाचा पृष्ठभाग, मग यंत्र, मग नंबर, आणि शेवटी कागदपत्रं. कारण साधं आहे. यंत्र बिघडलं तर जाणकार कारागीर ते सरळ करतो, पण बफच्या (पॉलिशच्या) चाकावर उडालेलं पोलाद परत येत नाही.

टक्केवारीचा घोळही आधी समजून घ्यावा. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या प्रतवारीत पुरातन हत्यारांना एक शिडी आहे आणि आधुनिक हत्यारांना दुसरी. पुरातनच्या शिडीत ‘एक्सलंट’ म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश, ‘फाइन’ म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त, आणि ‘व्हेरी गुड’मध्ये मूळ फिनिश शून्यापासून ३० टक्क्यांपर्यंत काहीही चालतं. आधुनिकच्या शिडीत मात्र ‘व्हेरी गुड’ म्हणजे गंज नाही, खड्डे नाहीत, फक्त किरकोळ ओरखडे. शब्द एकच, पण वस्तू दोन. विकणारा कोणत्या शिडीवर उभा आहे ते पहिल्याच फोनवर विचारावं. आणि दोन्हीकडे वजन ‘मूळ’ या शब्दाला आहे. नव्याने निळी केलेली शंभर टक्के चकाकी या हिशेबात धरत नाहीत.

सोबत फार काही लागत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दहापट भिंग, छोटी टॉर्च, पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि त्या कॅलिबरचे स्नॅप कॅप (नकली काडतुसं). हातात घेतल्याबरोबर सिलिंडर उघडून सगळी चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावीत. कोल्ट सिंगल अॅक्शनचा (प्रत्येक वेळी घोडा हाताने चढवावा लागतो असं रिव्हॉल्वर) सिलिंडर बाजूला उघडत नाही, तिथे काडतूस भरायचं गेट उघडून, घोडा अर्ध्यावर ठेवून सहाही चेंबर एकेक करून फिरवून बघावीत. रिकाम्या चेंबरवर चाप (ट्रिगर) ओढायचा तर मालकाला विचारून, आणि रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात करणारं) असेल तर तो ओढूच नये.

आता पृष्ठभाग. स्मिथ अँड वेसनच्या उजव्या बाजूची साइडप्लेट (आतलं यंत्र झाकणारी पट्टी) ही सगळ्यात बोलकी जागा. कारखान्यात प्लेट आणि फ्रेम एकत्र पॉलिश होत, त्यामुळे मूळ नगावर सांधा शोधावा लागतो. टॉर्च तिरकी धरली तर केसासारखी रेष दिसते. पुन्हा बफ केलेल्या नगावर सांध्याच्या दोन्ही कडा खाली बसतात आणि रेषेची नाली होते. नखाला लगेच कळतं. तसंच स्क्रूच्या भोकांचं. मूळ भोकाची कड सरळ असते, बफ झालेल्याची फनेलसारखी पसरते. अक्षरं भिंगातून वाचावीत: ओळीचं एक टोक ठळक आणि दुसरं पुसट असेल तर तिथे चाक जास्त टेकलंय. निळ्या थराच्या खाली खड्डा दिसला तर विषय संपला, गंज आधी आला आणि रंग नंतर.

पायथनवर हे ओळखणं थोडं अवघड, कारण त्याचं मूळ पॉलिशच आरशासारखं. तिथे नळीवरच्या पट्टीतल्या फटी बघाव्यात. फटींच्या आतल्या कडा मूळ नगावर टोकदार असतात. बाजारातल्या पॉलिशवाल्याचं मऊ चाक त्या हमखास गोल करतं. डाव्या बाजूवर उसळत्या घोड्याचा छाप असतो (चापावरचा घोडा नव्हे, चार पायांचा), त्याची आयाळ भिंगाखाली वेगळी दिसायला हवी.

झीज कुठे आहे, यापेक्षा ती तिथे असायला हवी का, हा प्रश्न जास्त कामाचा. म्यानात वावरलेल्या रिव्हॉल्वरचा रंग नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या पुढच्या कडेला उडतो. नळीच्या आत आटे घासलेले, मुठीची नक्षी गुळगुळीत, पण नळीचं टोक मात्र काळंभोर? मग त्या टोकाला कुणीतरी रंग दिला आहे. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नगांवर घोडा आणि चाप साधारणपणे केस हार्डनिंगच्या (पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेच्या) करड्या-तपकिरी छटांचे असतात. तेही निळे किंवा निकेलचे झाले असतील तर बाहेरच्या माणसाने सगळं एकाच टाकीत बुडवलंय. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर; दोन्ही शेजारी ठेवले की पुन्हा शंका राहत नाही. कारखान्यानेच पुन्हा फिनिश केलेला नग वेगळ्या हिशेबात मोडतो. स्मिथ अँड वेसन अशा वेळी मुठीच्या तळाला नंबराजवळ तारा ठोकत असे, आणि मूठ काढल्यावर पट्टीवर महिना-वर्षाचे बारीक आकडे सापडतात. हे काम बहुतेक वेळा उत्तम असतं, पण किंमत मूळची देऊ नये.

यंत्राची तपासणी सावकाश करायची असते, आणि इथेच घाई होते. टायमिंगसाठी (सिलिंडर वेळेवर अडकतो का, हे बघायला) सिलिंडरवर बोटाचा हलका अडथळा ठेवून घोडा अगदी हळू मागे घ्यावा. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढतानाच बोल्ट (सिलिंडर अडवणारा खिट्टा) सिलिंडरच्या खाचेत ‘टक्’ करून बसला पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून मोकळा असेल, तर हॅंड (सिलिंडर फिरवणारा दांडा) झिजलेला आहे. हे सहाही चेंबरवर करावं. पाच बरोबर आणि एक उशिरा हा प्रकार नेहमीचा, आणि विकणारा नेमक्या त्या पाचांपैकी एकावर दाखवतो. खाचेच्या एका बाजूला पोलाद चेपून कड उठली असेल तर सिलिंडर वेगात फिरवून आपटलेला आहे.

पायथनला आणखी एक कसोटी लागते. १९५५ ते २००५ या पहिल्या पर्वातल्या पायथनमध्ये चाप पूर्ण ओढून धरला की हॅंड सिलिंडरला बोल्टवर दाबून ठेवतो, आणि सिलिंडर बाजूला हलतच नाही. चाप धरून ठेवूनच हे बघायचं. तिथे खेळ लागला तर काम निघालंच समजा, आणि ते करणारे हात आता थोडे उरले आहेत. स्मिथ अँड वेसनमध्ये तेवढाच खेळ सर्वसाधारण आहे. त्यामुळे पायथनची कसोटी स्मिथला लावून चांगला नग नाकारणं हीही चूकच.

मग फीलर गेज. सिलिंडर मागे दाबून नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजावी. ४ ते ८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.१० ते ०.२० मिमी, ठीक. आता सिलिंडर पुढे ढकलून पुन्हा मोजावी. दोन मापांतला फरक म्हणजे पुढे-मागचा खेळ. तो २-३ थाऊंपर्यंत चालतो. त्यापुढे गेला तर पातळ वॉशर घालून तो काढता येतो, म्हणजे हा दोष भाव कमी करायचा, सौदा मोडायचा नव्हे.

सौदा मोडायची जागा पुढे आहे: नळीचं मागचं तोंड, फोर्सिंग कोन. स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ मध्ये हे तोंड खालच्या बाजूने सपाट कापलेलं असतं, तिथेच पोलाद सगळ्यात पातळ. हलक्या वजनाच्या .३५७ मॅग्नम गोळ्या भरपूर झाडल्या असतील तर नेमकी तिथे, घड्याळाच्या सहाच्या जागी, तडा जातो. सिलिंडर उघडा, खाली कागद धरा, टॉर्चचा उजेड उलटा पडू द्या आणि भिंग लावा. जळकट थर रेषेसारखा दिसतो, म्हणून तो पुसून पुन्हा बघायचं. फ्रेमच्या, सिलिंडरवरच्या पट्टीवर ज्वाळेने पडलेली बारीक नाली मात्र फार मनावर घेऊ नये, ती ठरावीक खोलीनंतर सहसा वाढत नाही.

आतून नळी बघताना गोल सावलीचं कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे. बाहेरून बोट फिरवूनही कधी कधी ते कळतं.

घोडा चढवून अंगठ्याने पुढे दाबल्यावर सुटत असेल तर आतली खाच कुणीतरी घासली आहे. स्मिथच्या मुठीच्या पुढच्या बाजूचा स्प्रिंगचा स्क्रू ढिला सापडला तर ‘अॅक्शन किती मऊ आहे बघा’ या कौतुकाचं कारणही तिथेच सापडतं. तो पूर्ण आवळून मगच चाप बघावा. सिलिंडर फिरवताना इजेक्टर रॉडचं (काडतुसं बाहेर काढणाऱ्या दांड्याचं) टोक डुलतंय का, हे एका नजरेचं काम.

नंबर. स्मिथवर मुठीच्या तळाशी, सिलिंडरवर, नळीखाली आणि उजव्या लाकडी मुठीच्या आत एकच क्रमांक मिळाला तर उत्तम. १९८२ नंतर नळीची आडवी पिन आणि मॅग्नमच्या चेंबरची, काडतुसाची कड आत बसणारी खोलगट बैठक दोन्ही गेल्या, तेव्हा ‘सत्तरच्या दशकातलं’ म्हणून पिन नसलेलं मॅग्नम दाखवलं तर पुढची बोलणी थांबवावीत. पण सगळे नंबर जुळलेच पाहिजेत, हा नियम कोल्टच्या ‘आर्टिलरी’ या लष्करी सिंगल अॅक्शनला लावू नका. जुन्या घोडदळी सिंगल अॅक्शनच्या साडेसात इंची नळ्या साडेपाच इंचांवर कापून त्या नव्याने जोडल्या गेल्या आणि भाग सरमिसळ झाले. तिथे न जुळणारे नंबरच बहुतेक वेळा बरोबर असतात.

ब्रिटिश वेब्ली मार्क ६ (१९१५, .४५५ कॅलिबर) घेताना सिलिंडर आणि त्यामागची ढाल यांतली फट आधी बघा. ती मोठी असेल तर .४५ एसीपी (पिस्तुलाचं काडतूस) चालावी म्हणून सिलिंडर मागून छाटलेला आहे. असे नग भरपूर फिरतात. एसीपीचा दाब .४५५ पेक्षा बराच जास्त, त्यामुळे तो वापराच्या दृष्टीने धोक्याचा आणि संग्रहाच्या दृष्टीने अर्धवट. मूठ घट्ट धरून नळी वर-खाली हलवा. बिजागरीत किंवा वरच्या कडीत खडखडाट नसावा.

कारखान्याच्या नोंदींचं पत्र कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन दोघांच्याही बाबतीत मागवता येतं. त्यात पाठवल्याची तारीख, नळीची लांबी, फिनिश आणि कुणाला पाठवलं ते असतं. निकेल म्हणून विकला जाणारा नग पत्रात निळा निघाला की पुढचं बोलणं सोपं होतं. मात्र पत्र नंबराविषयी बोलतं, समोरच्या पोलादाविषयी नाही. डब्याचंही तसंच: स्मिथच्या डब्याच्या तळाशी मेणाच्या पेन्सिलने क्रमांक लिहिलेला असे, आणि रिकामे डबे वेगळे विकले जातात. आकड्याभोवतीचा पुठ्ठा खरवडून पांढरा पडला असेल, तर डबा मागून आलेला आहे. त्याचे पैसे वेगळे धरू नका.