‘टीटीएल, एचएसएस, 1/8000’ सांगून गळ्यात मारलेला एका पिनचा ट्रिगर

कॅमेऱ्यावर बसवून दूरच्या फ्लॅशला बिनतारी इशारा देणारा ट्रिगर मागवला. खोक्यावर ठळक छापलं होतं: टीटीएल (लेन्समधून येणारा उजेड मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणं), हाय स्पीड सिंक म्हणजे एचएसएस (वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं), तेही 1/8000 सेकंदाच्या शटरपर्यंत. ट्रिगर उलटा केला तर बुडाला मधली एकच पिन. तिच्यातून फ्लॅशला ‘पेट’ एवढाच निरोप जातो. टीटीएलसाठी कॅमेरा आणि फ्लॅश यांचं आपसात बोलणं व्हावं लागतं. त्यासाठी कॅननच्या नेहमीच्या हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) मधली सोडून आणखी चार पिना असतात, निकॉनला तीन. त्याच नाहीत, तर आतली चिप बोलणार कुणाशी?

जाहिरातीत वरून, बाजूने, फ्लॅशला जोडून काढलेले सगळे फोटो होते. बुडाचा एकही नाही! तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. पण स्क्रीनवर ‘टीटीएल’ झळकत असताना बूड दाखवा म्हणतं कोण? अक्षरं काय, कुठल्याही डबीवर झळकवता येतात.

लबाडी लगेच कळत नाही, कारण 1/125 ला सगळं झकास चालतं. 1/200 ला ट्रिगरच्या उशिरामुळे कडेला काळा पट्टा येतो, 1/1000 ला जवळजवळ सगळी फ्रेम काळी. त्या वेगाला शटर पूर्ण उघडतच नाही, नुसती फट सरकते. ती सरकेपर्यंत फ्लॅशने सलग लुकलुकत राहायचं असतं, आणि ते त्याला सांगणारी पिनच नाही. विक्रेत्याचा डेमो बघायचाच तर 1/1000 चा मागा.

आता ज्या साइटवरून घेतला तिच्या तक्रार विभागाची हुशारी. पहिलं उत्तर: फ्लॅश पेटतो, म्हणजे वस्तू चालू आहे, तक्रार बंद. मग पुरावा म्हणून मूळ फाइल पाठवली. कॅमेऱ्याला असा ट्रिगर ओळखूच येत नाही, त्यामुळे एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमधल्या कॅमेऱ्याच्या नोंदीत) ‘फ्लॅश पेटला नाही’ अशी नोंद होते. त्यावर उत्तर: फ्लॅश पेटलाच नाही, तुमचं सेटिंग चुकलंय. म्हणजे तोच फ्लॅश त्यांच्या सोयीने पेटतो आणि सोयीने विझतो! पिना मोजा म्हटलं, तर ‘तांत्रिक बाब आमच्या कक्षेत नाही’. मग निकाल कशाच्या जोरावर दिलात? विक्रेत्याला एका शब्दानेही विचारलं नाही. उलट त्याचीच ऑफर पुढे केली: 15 टक्के रक्कम परत, वस्तू ठेवून घ्या.

परतीची मुदत संपायच्या आत तपासा. फ्लॅश टीटीएलवर, कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) स्थिर. अंधाऱ्या खोलीत एक फोटो एफ/4 ला, दुसरा एफ/8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून. उजेड साधारण सारखा आला तर टीटीएल खरं. दुसरा दोन स्टॉप काळा, म्हणजे पाव उजेडाचा आला तर थाप. एचएसएस बंद असतानाही शटर सिंक स्पीडच्या (साध्या फ्लॅशला चालणाऱ्या कमाल शटर वेगाच्या) वर बिनबोभाट जात असेल, तर कॅमेऱ्याने ट्रिगर ओळखलेला नाही.

‘वायरलेस’ म्हणून नुसता ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणारा, खपवणारेही आहेत. फ्लॅश बंद दाराआड ठेवून ट्रिगर दाबा. रेडिओ असेल तर पेटेल. फ्लॅशला जोडायच्या रिसीव्हरच्याही पिना मोजा.

आणि ते 15 टक्के घेऊन ‘तक्रार मिटली’वर टिचकी मारू नका, उरलेल्या 85 टक्क्यांवरचा हक्क त्याच टिचकीने जाऊ शकतो.