सिलिकॉनच्या चेहऱ्यावर बोटॉक्स शिकवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

लातूरला दंतवैद्यकाच्या इंटर्न मुलांना बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) आणि फिलर (कातडीखाली भराव देणारं जेल) यांची ओळख करून द्यायला आमच्या विभागाने सिलिकॉनचा चेहरा घेतला. पावसाळ्यापासून तो सतत वापरात आहे.

खरा उपयोग झाला तो मॅसेटर, म्हणजे गालातला चावण्याचा स्नायू, शिकवताना. गुटखा-सुपारी चघळणारे आणि झोपेत दात खाणारे पेशंट आपल्याकडे रोजचेच, त्यामुळे हा स्नायू मुलांच्या ओळखीचा. मॉडेलला हात लावण्याआधी मी त्यांना एकमेकांच्या गालावर बोटं ठेवायला लावते. "दाढा घट्ट दाब" म्हटलं की बोटाखालचा स्नायू टणक होतो. मग कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, तिच्याखाली स्नायूची पुढची कड आखायची आणि सुई त्या कडेच्या बरीच मागे ठेवायची. पुढे सरकलात तर औषध रायझोरियसमध्ये (ओठाचा कोपरा ओढणारा स्नायू) जातं आणि पेशंटचं हसू वाकडं होतं. एवढं पक्कं झालं की मॉडेलवर इन्सुलिन सिरिंजने नुसतं सलाईन टोचायचं.

भुवयांमधल्या आठ्यांसाठीही मॉडेल छान आहे. पाच जागा, प्रत्येकी 4 युनिट. 100 युनिटच्या व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) 2.5 मिली सलाईन घातलं तर 0.1 मिलीत 4 युनिट येतात. हे गणित मी प्रत्येकाकडून फळ्यावर करून घेते. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याला लागू होत नाही, हेही तिथेच. व्हायल 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. आपल्या एप्रिल-मेमध्ये लाईट गेली की फ्रिजवर लक्ष ठेवावंच लागतं.

फिलरसाठी मात्र मला हे मॉडेल अपुरं वाटतं. विक्रेत्याने डेमोत ओठ भरून दाखवले, मुलं खूश झाली. पण या चेहऱ्यात रक्तवाहिन्याच नाहीत. फिलर धमनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. ती भीती सिलिकॉन शिकवत नाही. म्हणून फेशियल आर्टरीचा (चेहऱ्याच्या मुख्य धमनीचा) मार्ग मी अ‍ॅनाटॉमी हॉलमध्येच दाखवते, आणि हायलुरोनिडेज (हायलुरोनिक फिलर विरघळवणारं औषध) हाताशी नसेल तर फिलरची सिरिंज उघडायचीच नाही, असं बजावते. हे शिकलात म्हणजे पेशंटवर करायची परवानगी मिळाली असं नाही, हेसुद्धा पहिल्याच तासाला.

मॉडेलच्या कातडीला भोकं पडून सलाईन गळू लागतं. बदली कातडी नंतर मागवली तर फार उशिरा येते, तेव्हा घेतानाच एक-दोन जादा घ्या.