घालताना मोडला का काढताना? इंजिनातल्या तुटक्या बोल्टसाठी इझी आउट, नट-वेल्डिंग की ड्रिल

दहाच्या गोटीखाली (सॉकेट पान्याखाली) कडक लागणारा बोल्ट एकदम लोण्यासारखा फिरायला लागला की पोटात गोळा येतो. मुंडी गोटीत, बाकीचा बोल्ट इंजिनात. माझ्यावर ही वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा परभणीत, घरासमोरच्या पत्र्याच्या शेडखाली. पहिल्यांदा टॅपेट कव्हर बसवताना, नंतर थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडताना. बोल्ट दोन्हीकडे सहा एमएमचेच. पहिला वीस मिनिटांत निघाला. दुसऱ्याने दोन रविवार खाल्ले, कारण पहिल्याला लागू पडलेलं औषध मी दुसऱ्यालाही पाजलं.

शेवटी लेथवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "घालताना मोडला का काढताना?" तीनपैकी कोणता उपाय करायचा ते बरंचसं या एका प्रश्नावर ठरतं.

घालताना मोडतो तो जास्त आवळल्याने. आटे शाबूत असतात, आणि मुंडी गेली की ताणही जातो, म्हणजे आत उरलेला तुकडा मोकळाच असतो. कधीकधी सेंटर पंच कडेला तिरपा धरून उलट्या दिशेने हलके ठोके दिले तरी तो फिरत वर येतो. नाही आला तर इझी आउट, म्हणजे तुटका तुकडा बाहेर काढायचं हत्यार घ्या: मधोमध पंच, तीन एमएमचं भोक, त्यात उलट्या आट्यांचं इझी आउट बसवून डावीकडे फिरवायचं. उलट्या फिरण्याचं ड्रिल मिळालं तर आणखी सोपं, भोक पाडतापाडताच तुकडा बाहेर येतो. पण ते आपल्याकडे सहजी दुकानात मिळत नाही, मागवून ठेवावं लागतं.

काढताना मोडलेल्याचं प्रकरण वेगळं. ॲल्युमिनियममध्ये बसलेला लोखंडी बोल्ट, त्यात वर्षानुवर्षं मुरलेलं कूलंट. आटे पांढऱ्या खारीने जाम झालेले. आता विचार करा: सहा एमएमचा सबंध बोल्ट जिथे फिरण्याऐवजी तुटला, तिथे त्याच्या पोटातल्या तीन एमएमच्या भोकात मावणारं इझी आउट किती जोर सोसेल? माझं कट्कन मोडलं. वर ते कडक पोलादाचं, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. ते काढायचा सरळ मार्ग म्हणजे स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं), म्हणजे हेड उतरवून वाळूज नाहीतर चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एखादी टूलरूम गाठणं. जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरं, पण हे मशीन मला गावात सापडलं नाही. चाचांनी कार्बाइडच्या बारीक कटरने ते कण कण कोरून काढलं. दोन तास लागले, भोक वाकडंतिकडं झालं, शेवटी हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घालावी लागली.

म्हणून जाम बोल्टला माझं पहिलं मत नट-वेल्डिंगला. आधी एक रात्र पेनिट्रेटिंग ऑइल मुरू द्यायचं, आणि वेल्डिंगच्या आधी ते नीट पुसून काढायचं. सहा एमएमच्या खुंटावर आठचा नट ठेवून तो आतून खुंटाला वेल्ड करायचा. भोक थोडं मोठं असलं की वेल्डिंगचा रस थेट खुंटावर उतरतो. तुकडा सपाटीला मोडला असेल तर नटाखाली वॉशर. यातली गंमत म्हणजे लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या धगीनेच आटे सुटे होतात. ब्लॉक बिडाचा असेल (जिल्ह्याचा नव्हे, ओतीव लोखंडाचा) तर मात्र रस कडेला चिकटू शकतो, तिथे हात सराईतच हवा. नटाची लाली गेली की मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मग पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे, घाई न करता. पहिला नट उपटून आला तर दुसरा लावा, तिसऱ्यालाही निघतो. बॅटरीची वायर आधी काढा, अर्थिंग त्याच भागाजवळ द्या आणि पेट्रोलच्या पाइपांकडे दोनदा बघा. अडचण एकच: तुकडा भोकात खोल मोडला असेल किंवा वेल्डिंगची कांडी तिथवर पोचत नसेल, तर हा उपाय बाद.

मग उरतं ड्रिल, सगळ्यात वेळखाऊ आणि मधोमध न धरल्यास सगळ्यात घातक. ॲल्युमिनियम मऊ, बोल्ट टणक. ड्रिल जरा सरकलं की मऊ बाजूला पळतं. तीनपासून पायरीपायरीने पाच एमएमपर्यंत जा. नेम बरोबर असेल तर आट्यांची पातळ गुंडाळी उरते, ती टोच्याने ओढून काढा आणि सहाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. ड्रिलला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा, पलीकडे पाण्याची किंवा ऑइलची वाट असू शकते. नेम चुकला तर सव्वासहाच्या आसपास भोक मोठं करून हेलिकॉइल. तिला कमी लेखू नका, ॲल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षा चिवट ठरते. फक्त तिची खालची शेपटी तोडल्यावर ती चिमट्याने बाहेर काढा, इंजिनात राहू देऊ नका.

तेव्हा बोल्ट मोकळा असेल तर इझी आउट, जाम असून खुंट हाताशी असेल तर वेल्डिंगवाला, आणि दोन्ही जमत नसेल तरच ड्रिल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) स्टडला तर मी इझी आउट दाखवणारही नाही.

पहिला बोल्ट का तुटला तेही सांगून टाकतो. टॅपेट कव्हरच्या सहा एमएमच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मी अर्ध्या इंचाचा रॅचेट लावून दोन्ही हातांनी आवळला होता. आता दहाच्या गोटीला पाव इंचाचाच दांडा लावतो, तोही आखूड धरून.