कॅम बदलल्यावर बंद पडणारे इंजिन आणि जड झालेले ब्रेक: टाकी, पंप की हायड्रोबूस्ट?

शेवरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनातला मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) काढून जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा परफॉर्मन्स कॅम बसवला, की दोन तक्रारी बहुधा जोडीनेच येतात: सिग्नलला गिअरमध्ये उभी असताना गाडी बंद पडते आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागते. पुष्कळ जण पहिलीसाठी कार्ब्युरेटर आणि दुसरीसाठी मास्टर सिलिंडर बदलून मोकळे होतात, पण बहुतेक वेळा दोन्हींच्या मुळाशी इनटेकमधला घटलेला व्हॅक्यूमच (हवेची ओढ) असतो. अशा कॅममुळे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ (ओव्हरलॅप) वाढतो, आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालत असताना, जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि एरवी १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवणारी व्हॅक्यूम गेजची सुई ८ ते १० इंचांवर थरथरत राहते. पेडलचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला नीट चालायला साधारण १६ ते १८ इंच हवे असतात.

पैसे खर्च करण्यापूर्वी बूस्टरची नळी पक्कडीने हलकेच दाबून बंद करावी. आयडल लगेच सुधारला तर बूस्टर गळतो आहे, बहुधा त्याचा पडदा फाटलेला आहे, आणि मग कोणताही पंप लावून उपयोग नाही. त्यानंतर इनिशियल टायमिंग (आयडलवर ठिणगी किती आधी पडते ते) १४ ते १८ अंशांपर्यंत वाढवून पाहावे, मात्र एकूण अ‍ॅडव्हान्स मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये. होली कार्ब्युरेटर असेल तर पॉवर व्हॉल्व्हही (व्हॅक्यूम ठरावीक अंकाखाली गेल्यावर जादा पेट्रोल सोडणारा) तपासावा. गिअरमध्ये ६ इंचच व्हॅक्यूम असताना ६.५ चा व्हॉल्व्ह उभ्या गाडीतच उघडा राहतो आणि इंजिन पेट्रोलने गुदमरते. ऑटोमॅटिक गाडी फक्त गिअर टाकल्यावरच बंद पडत असेल, तर मूळ टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) या कॅमला फार घट्ट आहे, म्हणजे आयडलवरच इंजिनावर जास्त भार टाकतो, असे समजावे.

एवढे करूनही पेडल जड राहिले, तरच निवडीचा प्रश्न येतो. व्हॅक्यूमची टाकी सर्वांत स्वस्त, पण ती व्हॅक्यूम तयार करत नाही, फक्त साठवते. थ्रॉटल सोडल्यावर मिळालेला चांगला व्हॅक्यूम चेक व्हॉल्व्हमागे (एकाच दिशेने उघडणारी झडप) धरून ती एकदोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता देते, आणि शहरातल्या रांगेत तो पाहता पाहता संपतो. हायड्रोबूस्ट पॉवर स्टिअरिंग पंपाच्या दाबावर चालतो, त्यामुळे कॅम कितीही मोठा असला तरी जोर पूर्ण मिळतो, आणि जड गाडीला तो मला सर्वांत योग्य वाटतो. मात्र इंजिन बंद पडले की पंपही थांबतो आणि अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणारे भांडे) उरलेल्या मोजक्या दाबावरच गाडी थांबवावी लागते. म्हणून आयडल दुरुस्त न करता तो बसवणे धोक्याचे आहे.

इलेक्ट्रिक पंपाचे महत्त्व इथेच कळते. तो बॅटरीवर चालत असल्याने, इग्निशन सुरू आहे तोवर, इंजिन बंद पडल्यानंतरही बूस्टरला व्हॅक्यूम पुरवतो. त्याचा घरघराट ऐकू येतो आणि त्याला रिले, फ्यूज व प्रेशर स्विच व्यवस्थित जोडावे लागतात, पण रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी हाच घेईन. बूस्टर काढून साधे ब्रेक लावायचे असतील, तर पेडलच्या तरफेचे गुणोत्तर साधारण ४:१ वरून ६:१ करावे लागते आणि मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) त्यानुसार निवडावा लागतो. हलक्या, शर्यतीच्या गाडीला ते चालते, पण जिच्यात मुलेबाळे बसणार आहेत त्या गाडीवर त्याऐवजी मी कमी ओव्हरलॅपचा कॅम पुन्हा बसवीन.