क्लोनझिला: लिनक्सची जुनी डिस्क एसएसडीवर चढवायची असेल तर

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात ५०० जीबीच्या फिरत्या हार्डडिस्कवर उबुंटू रखडत चाललेला डेस्कटॉप असेल, तर एसएसडी बसवून सगळं नव्याने टाकण्यापेक्षा क्लोनझिला हे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) करणारं सॉफ्टवेअर वापरणं बरं. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं आणि पार्टिशनमधले (डिस्कच्या भागांतले) भरलेले ब्लॉकच उचलतं. मेनू नुसत्या अक्षरांचा, माउस विसरा. सोर्स (जुनी डिस्क) आणि टार्गेट (नवी) निवडताना डिस्कचा मॉडेल नंबर दोनदा वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क जुन्यावर चढेल, मग नाद खुळा!

पहिली ठेच आकाराची. राजारामपुरीत दुकानदाराने ४८० जीबीची एसएसडी पुढे केली तर थांबा. आत माल ६० जीबी का असेना, क्लोनझिलाला टार्गेट सोर्सएवढं किंवा मोठं लागतं. जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने पार्टिशन आक्रसून, एक्स्पर्ट मोडमध्ये आकाराची तपासणी बंद करून जमवता येतं, पण ५१२ घेतलेली परवडते. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, यूपीएस लावा. मध्येच बंद पडलं तरी जुनी डिस्क फक्त वाचली जात असते, तिला धक्का लागत नाही. क्लोन पुन्हा पहिल्यापासून करायचा.

यूयूआयडीसुद्धा (पार्टिशनचे ओळख क्रमांक) जशाच्या तशा उतरतात, म्हणून एफएसटॅबला (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) हात लावावा लागत नाही. पण दोन्ही डिस्क जोडून बूट केलं तर लिनक्स कुठली उचलेल याचा नेम नाही. क्लोन संपला की मशीन बंद, जुन्या डिस्कची केबल काढायची, मगच पहिलं बूट.

तरी इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर अडकलं तर क्लोनला शिव्या घालू नका. सॅटावरून (केबलच्या जुन्या जोडणीवरून) एनव्हीएमईवर (मदरबोर्डात थेट बसणाऱ्या एसएसडीवर) गेल्यावर हे होतं: इनिटरॅमएफएस फक्त जुन्या हार्डवेअरपुरता बनलेला असला की त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नसतो. फेडोरा या लिनक्सात तर तो मुळातच तसा बनतो. आणि डिस्क दुसऱ्याच मशीनला लावल्यावर बूट डिव्हाइस सापडत नसेल, तर यूईएफआयची (बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरची) बूट नोंद जुन्या मदरबोर्डच्या मेमरीत राहिलेली असते. ती डिस्कबरोबर येत नाही.

उबुंटू-डेबियनवर दोन्हींचा इलाज एकच. लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू करा, नाहीतर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) जुन्या बायोसचा बसतो. नव्या डिस्कचं रूट पार्टिशन एमएनटी फोल्डरवर, ईएफआय पार्टिशन त्यातल्या बूट-ईएफआयवर माउंट करा. डेव्ह, प्रॉक, सिस, रन बाइंड करून सीएचरूट, म्हणजे त्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरायचं. आत गेल्यावर अपडेट-इनिटरॅमएफएस, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब याच क्रमाने. ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय जोडा, म्हणजे मदरबोर्डात नोंद नसली तरी ठरलेल्या जागेवरून बूट होतं. फेडोरात इनिटरॅमएफएससाठी ड्रेकट चालवायचं.

बूट होतंय, पण मध्ये ९० सेकंद ताटकळतंय? स्वॅप पार्टिशन नव्याने केलंय आणि एफएसटॅबमध्ये जुनीच यूयूआयडी आहे. ब्लकआयडी कमांडने नवी बघून बदला.

जुन्या डिस्कच्या स्मार्ट यादीत (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) १९७ क्रमांकापुढचा कच्चा आकडा शून्याच्या वर असेल, तर क्लोनझिला खराब सेक्टरवर अडून बसेल. तिथे आधी खराब डिस्कमधून वाचेल तेवढं उचलणारं डीडीरेस्क्यू.