नववी-दहावी घरातनं : कुठला ऑनलाईन कोर्स कामाचा, कुठला नुसता दिखाऊ

आमची पोरगी नववीपासनं घरीच शिकते. कारण रायफल शूटिंग. सकाळी रेंज, मग फिटनेस, मधेच मॅच लागली की पुणे नाहीतर दिल्ली, आणि शाळेत हजेरी भरत नाही म्हणून सारखं बोलावणं. आपल्याकडं हे काय आता नवीन राहिलं नाही म्हणा, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत कोल्हापूरच्याच, आणि 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणल्यापासनं तर ज्याला त्याला एअर रायफल केवढ्याला येते ते विचारायचंय. पण नेमबाजीची चौकशी करणारे दहा भेटतात, दहावीचं काय केलं हे विचारणारा एखादाच. त्या एखाद्यासाठी हे लिहितोय, कारण गेल्या दीड-दोन वर्षात आम्ही बरेच कोर्स बघितले, काही घेतले, काही बंद केले.

आमच्या आईला हे प्रकरण अजून पटलेलं नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरगं शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला, त्या गावात तुम्ही पोरीला शाळेतनं काढली, असं ती आल्यागेल्याला सांगते. दंड भरायला मी तयार आहे म्हटलं, एक रुपया परवडतो, ऑनलाईन स्कूलची फी परवडत नाही.

तर पहिली गोष्ट, सगळे विचारतात ॲप कुठलं घेतलं. ॲप नंतर हो. आधी परीक्षा कोण घेणार ते ठरवायचं. कोर्स कितीही भारी असूदे, शेवटी मार्कशीटवर ज्या बोर्डाचं नाव येणार तेच अकरावीला आणि डिप्लोमाला बघतात. आमच्यासमोर तीन रस्ते होते. एक, 17 नंबर फॉर्म भरून खाजगीरित्या एसएससी, म्हणजे आपलंच कोल्हापूर विभागीय मंडळ, सगळ्यांच्या ओळखीचं, पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हणजे तेव्हाच, मॅच त्याच आठवड्यात लागली तर बसा रडत. दोन, केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे इंग्लंडच्या बोर्डाची दहावीच्या बरोबरीची परीक्षा, प्रायव्हेट कॅंडिडेट म्हणून, ह्यात विज्ञानाला प्रयोगशाळेऐवजी प्रयोगावरचा लेखी पेपर देता येतो ही सोय चांगली आहे, पण प्रत्येक विषयाची फी वेगळी आणि ती बघून मी लॅपटॉप बंद केला. तीन, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तेच घेतलं.

एनआयओएस 1989 चं आहे, केंद्र सरकारचं बोर्ड, वयाची 14 पूर्ण असली की दहावीला बसता येतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिलच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि एका ॲडमिशनवर पाच वर्षात नऊ संधी, सगळे विषय एकदम दिलेच पाहिजेत असं नाही. खेळणाऱ्या पोरांना ह्याच्यापेक्षा अजून काय पाहिजे सांगा की! दहावीला मराठी माध्यमही मिळतं आणि मराठी हा विषयही घेता येतो, हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं सगळं हिंदी-इंग्लिशच असणार. मुलींना फीत सवलत आहे. एक मात्र लक्षात ठेवा, गणित सोडून देता येतं म्हणून सोडू नका, पोरगं उद्या डिप्लोमा इंजिनीअरिंगला जायचं म्हणालं तर काय करणार.

पुस्तकं स्वतः वाचून शिकायची म्हणून लिहिलेली आहेत, धड्याच्या मधे मधे प्रश्न आणि धड्याच्या शेवटी त्यांची उत्तरं. बालभारतीच्या पुस्तकासारखी रंगीत मजा नाही, पण पोरगी गाडीत बसून वाचू शकते आणि आपलं आपण तपासू शकते. पीडीएफ वेबसाईटवर फुकट आहेत, म्हणजे ॲडमिशन न घेता आधी चार धडे वाचून बघायला कुणी अडवत नाही. आम्ही तेच केलं. तुम्हीपण करा, अन् पोराला वाचायला द्या, तुम्ही वाचू नका, तुम्हाला सगळंच सोपं वाटणार.

आता पैसेवाले कोर्स. इथं जरा रेंगाळतो कारण फसायची जागा हीच आहे.

एका ऑनलाईन स्कूलची जाहिरात बघून फक्त नंबर टाकला, तर तासाच्या आत फोन. स्वतःला काउन्सेलर म्हणवणारा पोरगा, आवाज गोड. सर, आमची पर्सनलाईज्ड लर्निंग जर्नी आहे, लाईव्ह क्लास आहेत, डाऊट सॉल्व्हिंग चोवीस तास. मी विचारलं, बोर्ड कुठलं? म्हणाला सर, बोर्डाचं तुम्ही टेन्शन घेऊ नका. म्हटलं टेन्शन मलाच घ्यायचंय बाबा, पोरगी माझी आहे. मग म्हणाला, आमचं सर्टिफिकेट मिळतं. म्हटलं ते सर्टिफिकेट घेऊन अकरावीला कुठल्या कॉलेजच्या खिडकीत उभा राहू ते सांग. तिथं गाडी अडकली. मग विचारलं, पोरगीनं लिहिलेलं उत्तर कोण तपासणार? एआय तपासतं सर. आणि शिक्षक? शिक्षक गायडन्स देतात. म्हणजे काय, वही बघतात का? तर सर, आजच्या आज भरली तर चाळीस टक्के डिस्काउंट आहे, आणि ईएमआय पण होतो. तो ईएमआय म्हणजे बाहेरच्या फायनान्स कंपनीचं कर्ज, क्लास बंद केला तरी हप्ते चालूच, हे त्यांनी पाठवलेल्या कागदात पार खाली बारीक अक्षरात होतं. मी फाउंड्रीत काम करतो, ड्रॉईंगवरच्या बारीक नोटा वाचायची सवय आहे, म्हणून दिसलं. नाव सांगत नाही, कारण फोन सगळ्यांचे ह्याच धर्तीवर येतात.

दुसऱ्या एकाचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन बघितलं. डेमोला ज्या मॅडम होत्या त्या खरंच एक नंबर, पोरगी खूष. प्रत्यक्षात क्लास सुरू झाल्यावर मॅडम गायब, दुसरेच सर, एका वर्गात इतकी पोरं की चॅटमध्ये प्रश्न टाकला की वर सरकून जायचा, तो सरांना दिसायच्या आधीच. पोरगीनं भिंगातनं किरण कसे जातात त्याची आकृती काढून फोटो पाठवला, तर उत्तर आलं 'गुड जॉब, कीप इट अप'. आकृतीत बाण उलटे होते. मला दिसले, त्यांना दिसले नाहीत. तिथंच बंद केलं.

ह्यावरनं माझं एक मत पक्कं झालं. शिकवायला आज कुणालाही पैसे द्यायची गरज नाही, शिकवणं फुकट पडलंय. पैसे द्यायचे ते लिहिलेलं तपासायला. आखाड्याच्या कडेला बसून डाव बघितले म्हणून कुणी कुस्ती मारत नाही, वस्ताद चूक दाखवतो तेव्हा डाव बसतो. म्हणून कोर्स घेताना व्हिडिओची क्वालिटी बघू नका, तपासलेल्या उत्तराचा एक नमुना मागा. देत नसतील तर फोन ठेवा.

अमेरिकेचं पण सांगतो. आमचा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्यानं डोक्यात भरवलं की तिकडच्या युनिव्हर्सिटीत रायफलची टीम असते, मुलं-मुली एकाच स्पर्धेत मारतात, स्कॉलरशिप असते, तर अमेरिकन ऑनलाईन हायस्कूलच कर की डायरेक्ट. टीमचं खरं आहे. पण एक तर तिकडचा दुपारी दोनचा लाईव्ह क्लास म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा, थंडीत साडेबारा, आणि पोरगीला पहाटे उठून रेंजवर जायचंय. दुसरं म्हणजे कोर्सच्या नावात एपी (हायस्कूलात असतानाच करायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) लावायचं तर तो चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड ह्या तिकडच्या संस्थेकडनं मंजूर करून घ्यावा लागतो, कुणीही उठून एपी म्हणू शकत नाही, पण जाहिरातीत कोण काय लिहील सांगता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकडं कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए आहे, तिच्या नियमात ऑनलाईन कोर्स धरायचा असेल तर शिक्षकाचा आणि पोराचा नियमित संपर्क पाहिजे, शिक्षकानं स्वतःहून शिकवणं, तपासणं, मदत करणं पाहिजे, आणि कोर्सला ठरलेली मुदत पाहिजे. नुसतं सॉफ्टवेअरवर क्लिक करत संपवलेलं चालत नाही. म्हणजे बघा, मी इथं कोल्हापुरात राजारामपुरीत बसून जे म्हणतोय तेच त्यांनी नियमात घातलंय! बाहेरच्या देशातल्या पोरांची ते त्या-त्या देशाच्या बोर्डाची कागदपत्रं बघतात, मग आपलं दहावी-बारावीचं नीट असलेलं काय वाईट. भावाला हे पाठवलं, त्याचा नुसता अंगठा आला.

फुकटातलं काय वापरतो ते आता भराभर. खान अकॅडमी गणिताला, भारतातल्या दहावीच्या अभ्यासक्रमाप्रमाणं वेगळा कोर्स आहे, जाहिराती नाहीत, उदाहरण चुकलं की पायरी-पायरीनं दाखवतं आणि पोरगी कुठं अडकते ते आपल्याला कळतं. पण तिथं उत्तराचा आकडा टाकायचा किंवा पर्याय निवडायचा असतो, त्यामुळं भूमितीची सिद्धता लिहायची सवय तिथं लागणार नाही, ती कागदावरच. दीक्षा हे सरकारी ॲप, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आमच्या बोर्डाचं पुस्तक वेगळं असलं तरी विज्ञानाचे मराठी शब्द पक्के व्हायला उपयोग झाला. स्वयम् ह्या केंद्र सरकारच्या फुकट कोर्सच्या वेबसाईटवर एनआयओएसचेच कोर्स आहेत.

आणि फेट, म्हणजे स्क्रीनवर विज्ञानाचे प्रयोग करून बघायची वेबसाईट. हे मात्र नाद खुळा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं, नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन ह्यांनी 2002 ला सुरू केलेलं, फुकट, आणि बरीच सिम्युलेशन मराठीत पण आहेत. सर्किटचं जे आहे त्यात बॅटरी, वायर, बल्ब ओढून आणून जोडायचे. पोरगीनं दोन बल्ब आधी एकापाठोपाठ लावले, उजेड मंद झाला, मग शेजारी-शेजारी समांतर लावले, दोन्ही झगझगले. मग मुद्दाम वायर थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली तर स्क्रीनवर बॅटरीनं पेट घेतला, आणि ती एवढी हसली की आई देवघरातनं उठून बघायला आली. आईनं विचारलं, असं खरं होतं का? मग पोरगीनं आज्जीला शॉर्टसर्किट समजावलं, रोध कमी झाला की प्रवाह वाढतो वगैरे, आणि समजावताना तिचं तिलाच कळलं की मालिकेत आणि समांतरमध्ये नेमका फरक कशाचा. कुठल्याच पैशाच्या क्लासात हे झालं नाही. पण खऱ्या वायरी हातात धरायची सवय वेगळी, एनआयओएसला विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा असते, तेव्हा अभ्यासकेंद्रात जाऊन प्रॅक्टिकल करा, स्क्रीनवर झालं म्हणून सोडू नका.

एनआयओएसमध्ये प्रत्येक विषयाला असाईनमेंट असते, टीएमए म्हणतात, निकालात तिचा वाटा 20 टक्के. पोरं ही शेवटच्या दिवशी कुणाचं तरी उतरवून टाकतात आणि बाजारात तयार पण विकत मिळतात. नका घेऊ. हीच तर लिहायची संधी असते.

मग तपासायचं कुणी? आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड बाई आहेत, हायस्कूलात विज्ञान-गणित शिकवायच्या. आठवड्याला दोनदा पोरगी वही घेऊन जाते, त्या शिकवत काहीच नाहीत, फक्त वही वाचतात आणि लाल पेननं समासात लिहितात. 'एकक कुठे आहे?' 'हे कशावरून?' 'व्याख्या पाठ आहे, अर्थ सांग.' ज्या उत्तराला ॲपनं हिरवी खूण दिली होती त्यालाच बाईंनी दोन मार्क कापले, कारण आकडा बरोबर पण मधल्या पायऱ्या नाहीत. पोरगी चिडली, पुढच्या वेळी पायऱ्या लिहून नेल्या. सामाजिक शास्त्राला मात्र असं कुणी मिळालेलं नाही, तिथं आमची मिसेस वाचते, आणि मायलेकीची भांडणं होतात.

नेटचं एक सांगायचं राहिलं. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसानं निव्वळ लाईव्ह क्लासवर दहावी ठेवू नये. लाईट गेली, टॉवर बंद पडला की सगळं ठप्प. डाऊनलोड होणारं साहित्य आणि छापील पुस्तक घरात पाहिजेच.

मार्क द्यायचे तर एनआयओएसला पाचपैकी चार, फेटला पाच, खान अकॅडमीला गणितापुरते साडेचार, फोनवाल्या गोड पोराला भोपळा. बाईंना मार्क द्यायची माझी लायकी नाही. त्यांचं नाव-नंबर मात्र विचारू नका, आधीच गल्लीतली आणखी तीन पोरं वह्या घेऊन जायला लागलीत आणि त्यांनी आता नवीन कोण नको म्हणून सांगितलंय.